असईचे लाल डगले

‘स्मरणिकेसाठी तुझ्या छंदावर काहीतरी लिही’ असा निरोप ग्रुपवर आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. माझा छंद सांगितला की ठरलेले दोन प्रश्न येतात. ऑफिसात विचारतात, “मुलासाठी करतेस का?” आणि नात्यातल्या बायका विचारतात, “विकतेस का?” मला मुलगा नाही, मुलगी आहे, आणि तिला यात काडीचा रस नाही. विकायचं म्हणाल तर एकेका नगामागे माझे दोन-तीन तास जातात. त्या भावात घेणार कोण? मी बोटाच्या पेराएवढे, २८ मिलिमीटर मापाचे सैनिक रंगवते. धातूचे किंवा प्लॅस्टिकचे. ते टेबलावर मांडायचे, फूटपट्टीने चाली मोजायच्या, फासे टाकायचे आणि एखादी खरीखुरी झालेली लढाई पुन्हा लढून बघायची. इंग्लंडात पन्नाशी-साठीचे पुरुष हे फार गांभीर्याने करतात. पुण्यात आमच्या सोसायटीत मी एकटीच आहे.

मग संपादक मंडळातल्या आपल्या मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, “अगं, छंद राहू दे. आठवीत तू सरांना असईबद्दल विचारलं होतंस ना? त्याच्यावर लिही.” हे तिला आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

आठवीच्या इतिहासात दुसरं इंग्रज-मराठा युद्ध थोडक्यात आटोपलं होतं. वसईचा तह, असई, अडगाव, गाविलगड, शिंदे-भोसल्यांचा पराभव, पुढचा धडा. मी हात वर केला. “सर, असई कुठे आहे?” सर म्हणाले, “अगं, आपल्याच जालना जिल्ह्यात. भोकरदनच्या पलीकडे.” वर्गात कुजबुज झाली, कारण पुस्तकात छापलेलं गाव आपल्या जिल्ह्यात असू शकतं हे आम्हाला नवीनच होतं. मग सर म्हणाले, “पण त्यावर प्रश्न येत नाही,” आणि १८१८ कडे वळले. पासष्ट मुलांचा वर्ग, वेळेत पोर्शन संपवायचा. मी सरांना दोष देत नाही. पण त्याच वर्षी आपली सहल अजिंठ्याला गेली, आठवतं? बस भोकरदनला थांबली, सगळ्यांनी गरम भजी खाल्ली आणि बस पुढे निघाली. असई तिथून अर्ध्या तासावर होती.

सैनिकांशी माझी ओळख मात्र त्याच्याही आधीची. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याला मामाकडे जायचो. तिथे वाड्याच्या अंगणात पोरं किल्ला करायची. दगड, विटा, पोती, वर चिखलाचा लेप, उतारावर अळीव पेरलेला. कुंभारवाड्यातून मातीचे मावळे आणायचे. कोणाचीच मापं एकमेकांशी जुळायची नाहीत. महाराज सिंहासनासकट दरवाज्याहून उंच, तोफ मावळ्याहून लहान, आणि मधेच एक गवळण, एक पोलीस, एक वाघ. मुलींनी रांगोळी काढायची असा दंडक होता. तरी मामेभावाला पटवून मी मावळ्यांच्या पगड्या पुन्हा रंगवल्या होत्या. एक गोष्ट मात्र तेव्हा कधी लक्षात आली नाही. त्या किल्ल्यावर शत्रू नसायचा. सगळे आपलेच. ते फक्त उभे असायचे, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यांच्यामधे पणत्या लावल्या जायच्या.

पुढे इंजिनिअरिंग, पुण्यात नोकरी, आणि २००८ साली कंपनीने चौदा महिन्यांसाठी नॉटिंगहॅमला पाठवलं. ही या छोट्या सैनिकांची पंढरी आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. ते तयार करणारे बरेच कारखाने त्या शहरात आणि आसपास आहेत. क्लायंटच्या ऑफिसातले एक काका (तिथे कोणी काका नसतं, पण वयाने ते काकाच होते) मला एका गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमधे घेऊन गेले. सहा फूट बाय चार फुटांची टेबलं, हिरवे कापड, स्पंजची झाडं, आणि शेकडो सैनिक. मला एक फ्रेंच शिपाई आणि ब्रश दिला. मी त्याचं नाक रंगवता रंगवता त्याला मिशीच काढून ठेवली. पण घरी येताना मी त्याला रुमालात गुंडाळून आणलं.

या खेळाचा इतिहास मोठा आहे, तो सगळा इथे सांगत बसत नाही. न्यूरेंबर्गमधे अठराव्या शतकात कथलाचे चपटे शिपाई ओतायचे. १८९३ मधे विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने आतून पोकळ शिशाचे सैनिक काढले. ते हलके आणि स्वस्त पडल्यामुळे मध्यमवर्गीय घरांतल्या पोरांनाही मिळू लागले. प्रशियात रायस्विट्झ नावाच्या सरदाराने १८१२ मधे राजासाठी युद्धाचा खेळ टेबलावर बसवला, त्याच्या अधिकारी मुलाने १८२४ मधे त्याचे नियम पक्के केले, आणि तिथल्या सैन्याने तो प्रशिक्षणासाठी उचलला. एच. जी. वेल्स हे कादंबरीकार. त्यांनी १९१३ मधे घरातल्या फरशीवर खेळायच्या लढायांचे नियम पुस्तकरूपाने छापले. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध पेटलं.

मला या सगळ्यात अडकवलं ते मात्र विल्यम सायबॉर्न या माणसाने. लंडनला चेल्सी भागात सैन्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे वॉटर्लूच्या लढाईची त्याने केलेली प्रतिकृती आहे. एखाद्या मोठ्या खोलीएवढी, सुमारे चारशे चौरस फूट, आणि तिच्यावर नखाएवढे सत्तर हजारांवर सैनिक. सायबॉर्न सैन्यात लेफ्टनंट होता, पण १८१५ च्या त्या लढाईत नव्हता. १८३० मधे त्याला हे काम मिळालं. तो आठ महिने रणभूमीवरच्या एका शेतवाड्यात जाऊन राहिला, जमिनीचा चढउतार मोजला. मग हयात असलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रं पाठवली. संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण कुठे होती? कोणत्या रचनेत? समोर कोण होतं? शेतात पीक कोणतं उभं होतं?

उत्तरं शेकड्यांनी आली आणि तिथेच घोटाळा झाला. त्या पत्रांप्रमाणे सैनिक चिकटवत गेलं तर संध्याकाळी सातला प्रशियन फौज बरीच पुढे आलेली दिसायला लागली. म्हणजे विजय एकट्या इंग्रज सेनापतीचा राहीना. लिहायचं असतं तर ‘थोड्याच वेळात मित्रसैन्यही येऊन पोचलं’ असं एक वाक्य टाकून सुटता आलं असतं. पण चिकटवलेला सैनिक एक तर टेकडीच्या अलीकडे असतो, नाही तर पलीकडे. सरकारने पैसे थांबवले, सायबॉर्नने कर्ज काढून काम पुरं केलं, १८३८ मधे लंडनला प्रदर्शन भरवलं. सेनापती नाराजच राहिला. शेवटी सायबॉर्नने स्वतःच्या हाताने प्रशियन सैन्याचा मोठा भाग उपटून काढला.

तो नाराज सेनापती म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्या काचेपाशी लावलेली त्याची माहिती वाचताना मी थबकले. ड्यूक होण्याआधीचं त्याचं नाव आर्थर वेलस्ली. हा तर आपल्या पाव पानातला वेलस्ली! असईच्या वेळी चौतीस वर्षांचा होता. म्हातारपणी त्याला कोणीतरी विचारलं की लढाईतली तुमची सगळ्यात चांगली कामगिरी कोणती. त्यावर त्याने वॉटर्लूचं नाव न घेता असईचं घेतलं. जालना जिल्ह्यातलं, भोकरदनजवळचं, प्रश्न न येणारं असई.

तेव्हाच मी ठरवलं की असई करायची.

पुण्याला परत आल्यावर नोकरी, मुलीचं बालपण, घराचे हप्ते यांत आठ-नऊ वर्षं गेली. २०१८ मधे मी पहिले चोवीस सैनिक मागवले. वॉटर्लूचे हवे तेवढे मिळतात, अगदी खोक्यांनी. मराठी फौजेचे मिळवताना मात्र चपला झिजतात. मी शोधून शोधून कंपनी सरकारच्या शिपायांचे साचे घेतले, कारण शिंद्यांच्या कवायती पायदळाचा पेहराव त्याच धर्तीचा होता एवढं वाचलं होतं. रंग कोणता हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. मराठ्यांची फौज; रंग कोणता असणार? चोवीसच्या चोवीस जणांना मी भगवे डगले चढवले. तीन आठवडे रोज रात्री जेवणं आटोपल्यावर बसायचे. छान दिसत होते. किल्ल्यावरच्या मावळ्यांचेच कोणी नातेवाईक वाटत होते.

मग नीट वाचायला घेतलं. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉइन्य या सॅव्हॉयच्या माणसाकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या. माणसं भरती केली ती गंगा-यमुनेच्या दुआबातली, अवधची. म्हणजे कंपनीचं बंगालचं सैन्य जिथून भरती व्हायचं तिथलीच. आग्र्याला तोफा ओतायचा कारखाना घातला. आणि या पायदळाच्या जुन्या वर्णनांत डगला लाल आहे. डोक्याला निळी पगडी, अंगावर काळ्या चामड्याचे पट्टे. समोर कंपनीचे मद्रासी शिपाई, त्यांचाही डगला लाल, पट्टे फक्त पांढरे. म्हणजे मी मागवलेल्या त्या एकाच साच्यातून दोन्हीकडचे निघत होते. बारा इकडे, बारा तिकडे; फरक पट्ट्याचा.

खोटं कशाला बोलू, आठ दिवस मी त्या भगव्या डगल्यांना हात लावला नाही. मनाशी म्हटलं, कोण बघणार आहे? घरात चार माणसं, त्यांतल्या तिघांना हे काय चाललंय तेच माहीत नाही. शिवाय लिहिणाऱ्यांनी तरी कुठे रंग लिहिलाय, ते सगळे ‘मराठ्यांचे कवायती पायदळ’ म्हणून पुढे जातात. पण मी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधले दोष शोधणारी बाई. चुकलेलं माहीत असून तसंच ठेवणं मला जमेना. रंग काढायची घरगुती युक्ती म्हणजे डेटॉल. चोवीस जणांना रात्रभर डेटॉलच्या बरणीत बुडवलं आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं. मोरीत भगवं पाणी वाहिलं. सासूबाई म्हणाल्या, “कोणाला लागलं का गं? दवाखान्यासारखा वास येतोय.”

लाल रंग लावायला फार खट्याळ असतो. काळ्या अस्तरावर तो मळकट दिसतो, पांढऱ्यावर गुलाबी झाक मारतो. मी आधी विटकरी तपकिरी देते, वर दोन पातळ हात लाल, आणि चुण्यांच्या कडांना लालात नारिंगी मिसळून रेघ. उजळवायला पांढरा मिसळला की संपलं, डगला लग्नातल्या बँडवाल्याचा होतो. पावसाळ्यात प्रायमरचा फवारा मारू नये, हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढुरकी भुकटी बसते. पुण्यात जून ते सप्टेंबर माझं ते काम बंद असतं. आणि कातडीचा रंग. रंगाच्या संचात ‘त्वचा’ म्हणून जी बाटली येते ती गुलाबी असते. ती मी फक्त स्कॉटिश पलटणींना वापरते. बाकीच्यांसाठी तीन तपकिरी रंग मिसळून मी माझी स्वतःची बाटली केली आहे, आणि त्या बाटलीतला रंग दोन्ही सैन्यांना लागतो.

एकदा मुलगी टेबलाजवळ आली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. दोन्ही रांगा बघून म्हणाली, “आई, यातले आपले कुठले?”

मी उत्तर द्यायला गेले आणि अडखळले. २३ सप्टेंबर १८०३ ला त्या मैदानावर शिंद्यांचं जे पायदळ उभं होतं ते हिंदुस्तानी बोलणारं, त्याचा सेनापती पोलमन हा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. बेगम समरूच्या पलटणीही त्याच छावणीत. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले स्वतः त्या वेळी पायदळाजवळ नव्हते. समोर तमिळ-तेलुगू शिपाई, स्कॉटलंडचे हायलँडर, आणि कंपनीच्या बाजूनेच पेशव्यांचे मराठे घोडेस्वार व म्हैसूरचे स्वार, कारण ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावांनी वसईला तह केला होता. दोन्हीकडचे मराठी स्वार त्या दिवशी बहुतेक वेळ बाजूलाच राहिले. म्हणजे त्या तीन तासांत जे मेले त्यांच्यातले मराठी बोलणारे बहुधा थोडेच. मुलीला म्हटलं, “काळ्या पट्ट्याचे आपल्या बाजूचे.” ती म्हणाली, “म्हणजे आपले नाहीत, आपल्या बाजूचे.” आणि मोबाइल घेऊन निघून गेली. मी मात्र त्या शब्दाशी अडकून बसले.

सप्टेंबर २०२२ मधे मी असईला गेले. माझ्याबरोबर आपल्या ब तुकडीतला तो भोकरदनहून एसटीने येणारा मित्र होता. नाव लिहू नको म्हणालाय, पण तुम्ही ओळखाल. दप्तरात कायम मिरचीचा ठेचा असायचा तोच. फोनवर आधी म्हणाला, “अगं, तिथं काय आहे बघायला? कापूस आणि मका.” तरी मोटरसायकल घेऊन आला. आणि खरोखर कापूस आणि मकाच होता. काळी चिकट जमीन, चपलेला किलो-किलो चिखल. पण दोन नद्या बघितल्या आणि तीन वर्षं कागदावर न कळलेलं एकदम कळलं.

दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई. पूर्वेला पुढे त्या एकमेकींना मिळतात. मधे जमिनीची निमुळती जीभ, आणि असई जुईच्या काठी. (केळणेला वरच्या अंगाला खेळणा म्हणतात, असं मित्र म्हणाला. माझ्यासारखीने याच नदीकाठी यावं, याला काय म्हणावं!) शिंदे-भोसल्यांची छावणी केळणेच्या उत्तर काठाने लांबवर पसरली होती. वेलस्लीजवळ साडेचार हजारांच्या आसपास कंपनीची आणि बादशाही पलटणींची माणसं, शिवाय पाचेक हजार मित्रस्वार. कर्नल स्टीव्हनसनची दुसरी फौज मिळून दुसऱ्या दिवशी हल्ला करायचा ठरला होता, पण तो थांबला नाही. वाटाड्यांनी सांगितलं, जवळपास उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं तर पुढे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं अशी समोरासमोर वसली असतील तर मधे उतार असणारच, एवढाच त्याचा तर्क. इंग्रजी पुस्तकांत याचं फार कौतुक आहे. मित्राला सांगितलं तर म्हणाला, “हे तर आमच्याकडं शेंबडं पोर पण सांगंल.”

त्या उतारावरून तो पोलमनच्या डाव्या बगलेवर आला. कवायत नसलेल्या फौजेचा इथेच फज्जा उडतो. पण शिंद्यांच्या पलटणींनी आणि तोफखान्याने आख्खी आघाडी फिरवली आणि दोन नद्यांच्या मधे नव्याने उभी केली. मी हे टेबलावर कितीदा करून बघितलंय. बारा ठिकाणची माणसं एका दमात, एकमेकांच्या वाटेत न येता वळवायची. फासे चांगले पडले तरी माझी रांग मधेच तुटते. नॉटिंगहॅमच्या त्या क्लबात जे नियम वापरायचे त्यांत ‘हिंदी संस्थानी पायदळ’ कच्चं धरलं होतं, मनोधैर्याचे गुण कमी. मी तेव्हा काही बोलले नव्हते. आता माझ्या वहीत तो आकडा खोडून नवा लिहिला आहे, आणि त्या काकांना ईमेल करून कारणही कळवलं. त्यांनी दोन आठवडे वाद घातला आणि मग मान्य केलं.

कारण साधं आहे. कंपनीच्या बाजूचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४. वेलस्लीने प्रत्यक्ष लढायला नेलेल्या फौजेत तीनातला एक. ७४ वी हायलँडर पलटण वाट चुकून थेट असईच्या तोफांसमोर गेली आणि तिथे पाचशेंपैकी चारशेच्या आसपास पडली. हे कच्च्या पायदळाचं आणि गोलंदाजांचं काम नव्हे.

दुसऱ्या बाजूचा आकडा? मैदानावर सुमारे १,२०० प्रेतं, हा जिंकणाऱ्यांनी केलेला अंदाज. नावं नाहीत, पलटणवार हिशेब नाही. कंपनीच्या जखमींना नंतर अजिंठ्याला हलवलं. शिंद्यांच्या जखमींचं काय झालं ते कोणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. आमच्या धंद्यात माहिती नसली तर रकाना रिकामा सोडायची सोय असते. रंगवताना ती नाही. माहिती असो नसो, चेहऱ्याला काहीतरी रंग द्यावाच लागतो, पायात काहीतरी घालावंच लागतं. इतिहासाच्या पुस्तकाने जे जे मोघम ठेवलं ते ते रात्री अकरा वाजता माझ्या दिव्याखाली येऊन बसतं. मग मी शोधत जाते, आणि शोधूनही सापडलं नाही तर शेजारच्या पलटणीवरून अंदाज करते. पण वहीत त्या सैनिकापुढे पेन्सिलीने ‘अंदाज’ असं लिहून ठेवते.

हिशेब सांगायचा तर माझ्या टेबलावर एक सैनिक म्हणजे तीस माणसं. कंपनीचे दीडशे, शिंद्यांचं पायदळ साडेतीनशे. स्वार मी केलेच नाहीत. तीस हजार स्वारांचे हजार घोडे रंगवायचे तर निवृत्तीही पुरणार नाही. एक तोफ म्हणजे आठ. एकूण पाचशे माणसांपैकी तीनशे वीस झाली आहेत. सैनिकांच्या पायाखालच्या चकत्यांवर मी असईची माती चिकटवते. मित्राने ठेच्याच्या रिकाम्या बरणीत भरून दिली होती. धुतली तरी महिनाभर तिला लसणाचा वास येत होता.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो गोलंदाजांना. बारा तोफांमागे छत्तीस माणसं. लढाईत कंपनीची रांग तोफांवर चालून आली, संगिनी चालल्या, रांग तोफा ओलांडून पुढच्या पायदळावर गेली. तोफांखाली गोलंदाज मरून पडले होते. त्यांतले काही मेले नव्हते. रांग पुढे गेल्यावर ते उठले, आपल्याच तोफा फिरवल्या आणि पुढे गेलेल्यांच्या पाठीवर डागल्या. त्यांना पुन्हा मारायला वेलस्लीला स्वतः ७८ वी हायलँडर पलटण आणि घोडदळाची तुकडी घेऊन मागे यावं लागलं. तोफांजवळून ते हलले नाहीत. शेवटी ९८ तोफा कंपनीच्या हाती लागल्या, आणि त्या इतक्या चांगल्या होत्या की आपल्या सैन्यात वापरता येतील, असं वेलस्लीनेच कळवलं.

पडून राहिलेला गोलंदाज विकत मिळत नाही. मिळतो तो मेलेला सैनिक. मी तसे सहा घेतले आणि बारीक पाती तापवून दोघांच्या माना थोड्या वळवल्या, एकाचा हात जमिनीला टेकवला. डोळे उघडे रंगवायचे की मिटलेले, यावर एक आख्खा रविवार गेला. २८ मिलिमीटरच्या माणसाचा डोळा म्हणजे ब्रशचं एकच केस. दोघांचे मिटलेले ठेवले. एकाचा एक डोळा किंचित उघडा आहे. भिंग घेतल्याशिवाय दिसणार नाही.

मेळाव्याच्या दिवशी हे सगळं मी शाळेत घेऊन येणार आहे. मुख्याध्यापिका बाईंनी चित्रकलेचा वर्ग दिला आहे. आपली ती दोन लांब बाकं जोडली की सहा फूट बाय चार फुटांचं टेबल होतं, मी मोजून आले. सर येणार आहेत असं कळलं, आता ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यामुळे एक खुर्ची खिडकीपाशी राखून ठेवा. लढाई साडेअकराला सुरू करू. शिंद्यांच्या बाजूने खेळायला चार जण हवेत. कंपनीच्या बाजूने मी आणि ठेचावाला. मुलांना हात लावू द्यायला माझी हरकत नाही, फक्त सैनिक चकतीला धरून उचलावा, बंदुकीला धरून नव्हे. आणि जुईच्या बाजूच्या चार तोफांची तोंडं मागे वळलेली दिसतील. मांडताना चूक झाली असं समजून कोणी त्या सरळ करू नयेत.